चाऊन झालं का?

आमच्या आईची अशी समजूत आहे की मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरपुढं बसून काहीतरी चघळत असतो. चूक तिची नाही. परवा मी फोनवर ओरडत होतो, "अहो, एमकेडिर होतोय, चमॉडपण होतंय, नुसतं चाऊन होईना!" स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला, "दाढ दुखायली होय रे? मग लवंग धर की."

युनिक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली लिहिणाऱ्यांना स्वरांचा काय दुष्काळ पडला होता कोण जाणे. 'चेंज ओनर'चं, म्हणजे मालक बदलायच्या आज्ञेचं, चाऊन केलं, 'चेंज मोड'चं, म्हणजे कुणाला काय करायची मुभा ते बदलायच्या आज्ञेचं, चमॉड, आणि 'मेक डिरेक्टरी'चं, म्हणजे नवं फोल्डर करायच्या आज्ञेचं, एमकेडिर. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन, खुद्द त्यांना कुणी विचारलं म्हणे, युनिक्स परत लिहिलंत तर काय बदलाल? ते म्हणाले, नवी फाइल करणाऱ्या 'creat' ह्या आज्ञेला शेवटचा 'ई' लावीन. तो ई त्यांनी वेळेवर लावला असता तर निदान माझी दाढ वाचली असती.

काम फार मोठं नव्हतं. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कास्टिंग तपासायचं यंत्र आहे, त्याला लिनक्सचा, म्हणजे युनिक्सच्याच वळणावर गेलेल्या प्रणालीचा, छोटा कॉम्प्युटर जोडलेला. रोज सकाळी माझ्या सी प्रोग्रॅमनं त्या दिवसाच्या तारखेची एक डिरेक्टरी करायची आणि तपासणीतल्या अण्णांनी त्यात रिपोर्ट टाकायचे. एवढंच. मी मोठ्या ऐटीत एमकेडिरला ७५५ दिलं (पहिला आकडा मालकाच्या हक्कांचा, दुसरा त्याच्या ग्रुपच्या, तिसरा परक्यांच्या), कंपाइल केलं, कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. मी चहाला गेलो.

परत आलो तर माझ्याच डिरेक्टरीत काय आहे ते मला दिसेना. म्हणजे आत जाता येत होतं, वस्तू ठेवता येत होती, पण यादी मागितली की 'परमिशन डिनाइड'. अण्णांना उलटं. त्यांना फायलींची नावं दिसत होती, आत पाऊल टाकता येत नव्हतं. आणि ज्या तिऱ्हाइताचा काडीचा संबंध नाही त्याला, आतल्या एखाद्या वाटेचं नाव ठाऊक असेल तर, खुशाल पुढं जायची मुभा. शहापुरातलं आमचं घर डोळ्यांपुढं आलं. आमच्या माळ्यावर काय आहे ते आम्हाला माहीत नाही, चुलतकाकूंना पाठ आहे, आणि मांजर जाऊन येऊन असतं.

दोष एका शून्याचा. सी भाषेत आकड्याच्या आधी शून्य असलं तरच तो अष्टमान, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पटीत मोजलेला, धरतात; आणि हक्कांचे आकडे अष्टमानातच वाचतात. तो विसरलो, म्हणून साधे सातशेपंचावन्न गेले. अष्टमानात ते होतात १३६३. त्यातून युमास्कनं, म्हणजे नव्या वस्तूचे ठरलेले हक्क आपोआप कापणाऱ्या सेटिंगनं, आपला वाटा काढून घेतला आणि उरले १३४१. पुढचा तो १ म्हणजे स्टिकी बिट, मी न मागता मिळालेला. त्याचा अर्थ असा, की डिरेक्टरीत लिहायची मुभा असलेला कुणीही काहीही आणून ठेवील, पण दुसऱ्यानं ठेवलेलं काढता येणार नाही. ते काम ज्यानं ठेवलं त्याचं, नाहीतर डिरेक्टरीच्या मालकाचं, नाहीतर रूटचं, म्हणजे सगळे हक्क हाती असलेल्या मुख्य कारभाऱ्याचं. युनिक्सवर 'टेम्प' डिरेक्टरी अशीच असते. आमचं अंगणही. काकूंचा मोडका पाळणा तिथं वीस वर्षं आहे.

शून्य लावलं. आता शहाणपणानं ०७७५ दिलं, म्हणजे मालक आणि ग्रुप दोघांनाही लिहिता यावं. अण्णांचा फोन आला, "आगूदिल्ल री. लिवाय येत नाही." बघतो तर डिरेक्टरी ०७५५! युमास्क ०२२ होता ना. ग्रुपचा आणि परक्यांचा लिहिण्याचा हक्क तो परस्पर कापून घेतो. सासुरवाडीहून आलेल्या फराळाच्या डब्यातून वाटेतच चार करंज्या कमी व्हाव्यात तसं. घरी पोचल्यावर तक्रार कुणाकडं करणार? मग कळलं की चमॉड ह्या युमास्कला विचारतच नाही. आधी डिरेक्टरी करायची आणि मग स्वतंत्र चमॉड मारायचं. करंज्या आपण स्वतः नेऊन पोचवायच्या.

आता राहिलं चाऊन. मी म्हटलं, डिरेक्टरी अण्णांच्याच नावावर करून टाकू, कटकट मिटेल. 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. एरर नंबर १. माझी डिरेक्टरी, मी केलेली, राजीखुशीनं देतोय, तरी नाही म्हणजे काय? पण लिनक्समध्ये साध्या माणसाला आपली वस्तू दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कारण पटण्यासारखं आहे: नाहीतर जो तो आपल्या फायलींचं ओझं दुसऱ्याच्या डिस्कच्या कोट्यात ढकलून मोकळा होईल. नाव बदलायचं तर रूट पाहिजे.

हे ऐकून मला नवल वाटायला नको होतं. आमच्या घराच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. आजोबा जाऊन पस्तीस वर्षं झाली. घरपट्टी बाबा भरतात, कौलं बाबा फिरवतात, गळतं तेव्हा खाली बादली बाबा ठेवतात. ओनर मात्र आजोबा. बाबा वारसाचे कागद घेऊन कितीदा गेले त्याची गणती नाही. अर्ज मराठीत होता, मग कन्नडमध्ये लागला, मग तो होता तर कोल्हापूरच्या काकांची सही नव्हती, काका आले तर साहेब मीटिंगला. बाबा घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणायचे, "आज पण नाही झालं." एरर नंबर सांगायचीसुद्धा तिथं पद्धत नाही.

कारखान्याचा रूट पासवर्ड ज्यांच्याकडं होता ते यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीला गेलेले. तीन दिवसांनी कपाळाला भंडारा लावून आले, म्हणाले, "एवढंच होय?" आणि सुडो लावून, म्हणजे रूटच्या हक्कानं, माझा सगळा प्रोग्रॅमच चालवला. चाऊनची ओळ मी तोवर त्यातून काढून टाकलेली. झालं! डिरेक्टरी केली रूटनं, म्हणून मालक रूट, ग्रुप रूट. आता अण्णांनाच काय, मलाही लिहिता येईना. साहेब परत भेटणार सोमवारी.

त्या रात्री जेवताना बाबा कुणाला तरी फोनवर आपला ठेवणीतला किस्सा सांगत होते, की १ नोव्हेंबर १९५६ ला आजोबा झोपेतून उठले ते म्हैसूर राज्यात. घर तेच, उतारा तोच, मालक तोच, फक्त राज्य दुसरं. भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. ओनर तसाच ठेवून नुसता ग्रुप बदलता येतो की!

ताट सरकवून उठलो. चाऊनला मालकाच्या जागी उणे एक दिलं की मालकाला हात लागत नाही. आणि ग्रुप बदलायला रूट लागत नाही. डिरेक्टरी आपली असावी आणि नव्या ग्रुपमध्ये आपणही असावं, बस्स. 'तपासणी' ग्रुपमध्ये मी आणि अण्णा दोघंही होतोच. वरून चमॉड ०२७७५. तो पुढचा २ असला की आत होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. उद्याची डिरेक्टरी रात्रीच करून ठेवली, रूटला न उठवता.

सकाळी आठला अण्णांचा फोन, "आगेद री! लिवलं गेलं!"

आई दारात उभी. "झालं का चाऊन?"

"झालं."

"मग डब्यात कुंदा आहे तो घे. त्याला चावाय लागत नाही."