पात्रता तपासताना भाषाही तपासावी

मानसिक आरोग्यावरील संशोधनाला सरकारी अनुदान देताना पात्रतेचे निकष जराही शिथिल करू नयेत, हे एका लेखात मांडलेले मत मला अर्धेच पटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे अर्ज करणारा मुख्य संशोधक मान्यताप्राप्त संस्थेत नियमित सेवेत असावा आणि नैतिकता समितीची मंजुरी असावी, या अटी रास्तच आहेत. रुग्णाची खाजगी माहिती आणि सार्वजनिक पैसा दोन्ही जपायचे असतात.

परंतु भाषेचे काय? कर्नाटकच्या सीमाभागातील, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी बोलणाऱ्या गावात मी मानधनावर समुपदेशनाला जाते. तिथे एका अभ्यासासाठी आलेल्या विद्यार्थ्याने कन्नड प्रश्नावलीतून एका आजींना विचारले, उदास वाटते का. आजींनी मान हलवून ‘नाही’ म्हटले आणि त्याने तशी खूण केली. तासाभराने त्याच आजी ओसरीवर मला सांगत होत्या, “कशातच जीव रमंना झालाय बघ, रात्रभर डोळ्याला डोळा लागत न्हाई.” विद्यार्थ्याचा दोष नव्हता, त्याच्याबरोबर मराठी जाणणारे कुणी नव्हते, एवढेच.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील १२ राज्यांत कर्नाटकही नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता. (सीमेच्या कोणत्याही बाजूला मोजले असते तरी आम्ही सुटलोच असतो.) म्हणून संशोधकाची पदवी आणि नेमणूक पाहतानाच, ज्यांचा अभ्यास करायचा त्यांची बोली जाणणारी व्यक्ती चमूत आहे का आणि प्रश्नावली त्या बोलीत पडताळलेली आहे का, हेही पात्रतेतच विचारले जावे.