पात्रता सिद्ध करा, म्हाराजा!

मी स्वतः लिहिलेली आणि मुद्रितशोधनही स्वतःच केलेली लोकसाहित्याची टिपणे वाचण्यास मी पात्र नाही, असे परवा संध्याकाळी आमच्या महाविद्यालयाच्या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीने मला कळवले. कळवण्याची भाषा सभ्य होती. दुसऱ्या घटकाच्या नावापुढे करड्या रंगाचे कुलूप होते आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, की पहिल्या घटकाची चित्रफीत पूर्ण पाहिल्यावर व त्यावरील चाचणीत किमान 40 टक्के गुण मिळवल्यावर हे साहित्य उपलब्ध होईल. त्या चित्रफितीत बोलणारी व्यक्तीही मीच आहे.

झाले होते एवढेच, की विद्यार्थ्यांना काय दिसते ते शिक्षकांनाही दिसावे, या उदात्त हेतूने ई-साहित्य समितीने आम्हा सर्वांची नोंदणी विद्यार्थी म्हणून केली आणि शिक्षकाचे अधिकार स्वतःकडे ठेवले. सोमवारी अंतर्गत परीक्षा, दुसरा घटक उघडत नाही म्हणून मुलांचे फोन, आणि श्रावणातल्या पावसात आमच्या वाडीत रेंज नाही. तेव्हा छत्री घेऊन मी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर गेले. मालवण तालुक्यातल्या आमच्या या सड्यावर पाण्याच्या टाकीपाशी जांभ्याचा थोडा उंचवटा आहे. फोनला जीव येतो तो तिथेच, त्यामुळे तिन्हीसांजेला अर्धी वाडी तिथे उभी असते.

अशी कुलपे घालण्याची सोय मुळात वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. मार्टिन डुगियामास या ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थांनी ‘मूडल’ ही मुक्तस्रोत अध्यापन-प्रणाली घडवली, तिची पहिली आवृत्ती 2002 साली आली आणि 2010 च्या 2.0 आवृत्तीपासून तिच्यात अमुक तारखेनंतर, अमुक गुण मिळाल्यावर किंवा आधीचा घटक पूर्ण झाल्यावरच साहित्य दिसावे, अशा अटी घालता येऊ लागल्या. प्रत्येक अटीपुढे एक डोळा असतो. तो उघडा ठेवला तर विद्यार्थ्याला साहित्याचे नाव आणि अट दिसते, मिटला तर अट पुरी होईपर्यंत त्या साहित्याचा पत्ताही लागत नाही. विचारपूर्वक वापरली तर फार चांगली गोष्ट आहे: मागचे नीट कळल्याशिवाय पुढचे घाईने वाचू नये, हे कोणता शिक्षक नाकारेल? परंतु आमच्याकडे अटी कोणत्या असाव्यात हे विषयाच्या शिक्षकाला कोणी विचारले नाही. मूल्यांकनाच्या फायलीत लावायला वापराचा अहवाल हवा होता आणि अटी घातल्या की अहवाल भरगच्च येतो.

तर मी माझेच व्याख्यान ऐकू लागले. ते पुढे सरकवता येत नव्हते आणि रेंज तुटली की पुन्हा पहिल्यापासून. शेजारी आमच्या वाडीतले तात्या उभे होते. तात्या ग्रामदेवतेचे मानकरी. पावसाळ्यात त्यांना फारसा उद्योग नसतो आणि फोन तर नसतोच, तरीही रेंजच्या ठिकाणी ते नित्यनेमाने येतात. त्यांनी आपली छत्री माझ्या छत्रीला लावून पडद्यात डोकावले.

“बाईनू, ह्या तुमीच बोलतास मां?”

“होय, मीच.”

“मगे परत कित्याक आयकतास? इसारलास?”

“पूर्ण ऐकल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही, तात्या.”

“पुढचो धडो कोणी लिवल्यान?”

“मीच.”

तात्यांनी जरा विचार केला. “म्हंजे घर तुमचा, दार तुमचा, आनि भायर भिजतास तुमीच. कुलूप कोणी घातल्यान?”

“समितीने.”

“समितीत कोण कोण आसा?”

कागदोपत्री मीही आहे, हे सांगणे मला टाळता आले नाही. त्यावर तात्या काही बोलले नाहीत. फक्त छत्री थोडी लांब घेतली.

अखेर चाचणी उघडली. एक प्रश्न होता: देवापुढे गावाच्या वतीने मांडल्या जाणाऱ्या विनंतीला कोकणात काय म्हणतात? मी ‘गाऱ्हाणे’ असे टंकले. उत्तर चूक. संगणकावर हा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो, एक टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून आणि दुसरा साध्या र ला हलन्तानंतर एक न दिसणारे चिन्ह जोडून; डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण अक्षर-अक्षर पडताळणाऱ्या यंत्राला ते निरनिराळे वाटतात. आदर्श उत्तर भरणाऱ्याने त्यांतला एकच भरला होता. घरात बोलतात तसे ‘गाऱ्हाणा’ लिहिणारी मुले तर केव्हाच गारद झाली असणार.

“गाऱ्हाणा चुकीचा?” तात्यांचा आवाज चढला. “माका शिकवता ह्या यंत्र? थांबा, तेका घालूनच दाखवतंय.” त्यांनी छत्री मिटली, डोक्यावरची टोपी सारखी केली, पलीकडच्या डोंगरावरच्या मोबाइलच्या मनोऱ्याकडे तोंड केले आणि भर पावसात हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” टाकीजवळची पोरे ओरडली.

“आज ह्या आमच्या बाईच्या वाटेर कोणी कुलूप घातल्यान आसात, तर ता कुलूप तेच्याच कपाळार मार, आनि दुसऱ्या धड्याचो दरवाजो मोकळो कर, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी मुंबईच्या मुलाशी बोलत असलेल्या काकूंनीही फोन कानाला तसाच ठेवून साथ दिली आणि मला वाटते, मुंबईहूनही कोणीतरी दिली.

बाकीचे प्रश्न पर्यायांचे असल्याने मी उत्तीर्ण झाले. तरीही कुलूप जागच्या जागी. अटींच्या खाली ‘अधिक दाखवा’ अशी एक ओळ होती. ती दाबल्यावर कळले, की हा घटक बुधवारी सकाळी खुला होईल. परीक्षा सोमवारी. तात्यांनी टोपी पिळली आणि “देवान आपला काम केल्यान, आता समितीचा बघा” असे म्हणून ते घरी गेले.

मला राग आला तो तेव्हा, आणि तो अजून गेलेला नाही. ज्या मुलाला पावसात भिजत सड्यावर यावे लागते, त्याच्या हाती जेवढा वेळ रेंज लागते तेवढ्यात सगळे घटक उतरवून घेणे हाच त्याचा अभ्यासाचा एकमेव मार्ग असतो. आधी सलग चित्रफीत, मग चाचणी, मग तारीख, ही पायरी-पायरीची रचना ज्यांच्या घरात वायफाय आहे त्यांनी ज्यांच्या घरात वायफाय आहे त्यांच्यासाठी केलेली आहे. बाकीच्यांना ती अभ्यास शिकवत नाही, ताटकळणे शिकवते. ते कोकणातल्या मुलांना एसटीच्या थांब्यावर आधीच शिकायला मिळते.

मूळ फाइल माझ्या फोनमध्ये होती. ती तिथूनच मी मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि घरी आले. काल समितीचे पत्र मिळाले: अभ्यासक्रमाच्या साहित्याचे अनधिकृत वितरण केल्याबद्दल लेखी खुलासा सादर करावा. खुलासा प्रणालीवरच चढवायचा आहे, आणि ज्यांची नोंदणी विद्यार्थी म्हणून आहे त्यांना तिथे काही चढवण्याचा अधिकार नाही.