ॲटलास पतंग चावत नाही, त्याला चावायला तोंडच नसतं

पाऊस लागला की कुडाळ-सावंतवाडीकडच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो: "रातव्याएवढा मोठा सापतोंड्या पतंग आलाय, रातव्यासारखाच रात्री शिकार करतो, चावला तर विष चढतं, दिसला की मारा." रातवा म्हणजे रात्री उडून किडे खाणारा पक्षी. फोटो ॲटलास पतंगाचाच असतो, पण खालचा मजकूर साफ चुकीचा आहे, आणि तो वाचून लोक पडवीत गप बसलेला पतंग केरसुणीने मारतात, ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

आधी चावण्याचं. ह्या पतंगाला कामाचं तोंडच नसतं हो. चावणं सोडाच, तो काही खातही नाही, सुरवंट असताना पानं खाऊन जी चरबी साठवली तिच्यावर आठवडा-दोन आठवडे काढतो, तेवढ्यात जोडी जमली पाहिजे, मादीने अंडी घातली पाहिजेत, की संपलं आयुष्य. नराच्या डोक्यावर पिसांसारख्या मिशा असतात त्या लांबून मादीचा वास पकडायला, तो काही डंख नाही. आणि पंखांच्या टोकाला सापाचं डोकं दिसतं ती नुसती नक्षी, विष कुठून येणार त्यात?

शिकार करतो तो रातवा. त्याचं सगळं उलटं, चोच इवलीशी पण उघडली की तोंड हे एवढं मोठं, कडेला राठ केस, उडता उडता भुंगेरे, छोटे पतंग, पंखवाली वाळवी गिळत जातो. रात्री रस्त्यावर बसलेला असतो, हेडलाईटमध्ये डोळे लाल चमकतात म्हणून लोक त्यालाही घाबरतात, पण माणसाला तोही काही करत नाही.

"रातव्याएवढा" हे तर मापातच फसलेलं आहे. पतंगाचे 24 सेंटीमीटर म्हणजे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि रानरातव्याचे 28 च्या आसपास म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत, त्याने पंख पसरले की पतंग कुठच्या कुठे राहतो.

दालचिनी, पेरूवर ह्या पतंगाचे सुरवंट दिसतात, पानं खातात, हे खरं. पण उडणारा पतंग मारून पान वाचत नाही, तो खातच नाही. तो पडवीत येतो बल्बमुळे, तेव्हा बल्ब घालवा आणि दिवसा भिंतीवर बसलेला दिसला तर तसाच राहू द्या, काळोख पडला की आपला आपण उडून जातो.