कासवे जूनमध्ये येत नाहीत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक मिळवावे लागतात आणि ३० तासांचा एक या हिशेबाने १२० तास भरण्यासाठी ते आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या छोट्या संस्थेकडे ऑनलाइन नोंदणी करून येतात, हे उत्तमच आहे. पण दापोलीच्या या बाजूला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी नोव्हेंबर ते मार्चदरम्यान अंडी घालायला वाळूवर चढते, पिल्ले निघायला पन्नासएक दिवस लागतात, आणि नोंदणीच्या पोर्टलवर विद्यार्थ्यांची यादी उगवते ती जूनमध्ये, जेव्हा किनाऱ्यावर खवळलेला समुद्र आणि झावळ्यांनी शाकारलेल्या होड्या यांखेरीज काहीही नसते.

हे सलग तिसरे वर्ष. पोर्टलवर संस्थेने भरायच्या अर्जात ‘शहर’ हा रकाना सक्तीचा असून त्यात आमचे गाव नाही, म्हणून मी रत्नागिरी निवडतो, आणि मग एखादी मुलगी फोनवर विचारते, “सर, स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळेल ना?” (तिचा काय दोष?) ओटीपीसाठी मला विहिरीच्या कठड्यावर चढावे लागते आणि तो येतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. यंदा तर ‘कामाची वेळ’ या रकान्यात सकाळी दहा ते सायंकाळी पाच एवढा एकच पर्याय ठेवला आहे. मादी रात्री येते, हे मी कुठे भरू?