अक्का

आईला जाऊन आज सव्वा महिना झाला. भेटायला येणाऱ्या बायका दारातच रडू लागतात आणि मग बहुतेक जणी एकच सांगतात, "माझा फॉर्म अक्कानी भरला होता." बेळगावच्या वडगावात मराठी काय, कन्नड काय, सगळ्यांची ती अक्काच होती.

माहेर जांबोटीकडचं, शिक्षण मराठी सातवी. लग्न होऊन आली ती मागाच्या घरात. कांड्या भरता भरता शेजारणींशी बोलून कन्नड कानावर पडलं, पण वाचता येत नव्हतं. गल्लीतल्या एका म्हातारीचा विधवा पेन्शनचा कन्नडमधला अर्ज तीनदा परत आला, तेव्हा आई त्रेचाळीस वर्षांची होती. चौथ्या खेपेला कुणीतरी चूक दाखवली. 'गंड' म्हणजे नवरा, 'तंदे' म्हणजे वडील. म्हातारीनं नवऱ्याच्या जागी वडिलांचं नाव सांगितलं होतं. एवढ्यासाठी सहा महिने गेले!

त्याच आठवड्यात आई शेजारच्या तिसरीतल्या पोरीची उजळणीची वही घेऊन बसली. रात्री जेवणं झाली की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गिरवायची. म्हणायची, "आपली अक्षरं डोक्यावर पदर घेतात, ह्यांची तुरा लावतात." हेसरु, वयस्सु, विळास. हेसरु म्हणजे नाव, वयस्सु म्हणजे वय; विळास म्हणजे पत्ता हे कळल्यावर खूप हसली होती. दिनांक आणि सही मात्र दोन्हीकडे तेच. शाईच्या पॅडचा तिला भारी राग. अंगठा लावायला आलेल्या बाईला आधी स्वतःचं नाव लिहायला शिकवायची, मग फॉर्म.

2019 च्या ऑगस्टात बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात आणि घरात शिरलं, तेव्हा पंधरा दिवस आमच्या सोप्यात पंचनाम्याचे कागद वाळत घातलेले होते. 2023 मध्ये कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांना महिन्याला दोन हजार मिळणार म्हटल्यावर तर सकाळी सहालाच दाराशी चपला. कन्नड बायकाही यायच्या, कारण घरात भाषा असली तरी अक्षर नव्हतं. "बर्री अक्का, कुंद्री," म्हणजे या अक्का, बसा, असं म्हणून आई त्यांच्यासाठी चटई टाकायची.

आणि हीच बाई एक नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेलं त्या दिवशी, काळी साडी नेसून काळ्या दिनाच्या फेरीत पहिल्या रांगेत असायची. एक जूनला हिंडलग्याला कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना फूल वाहायला जायची. कुणीतरी एकदा तोंडावर विचारलं, "अक्का, काळा दिनही पाळता आणि कन्नडही शिकता?" आई म्हणाली, "कोर्टात सीमेचा दावा 2004 पासून पडलाय. निकाल लागंपर्यंत म्हातारीनं पेन्शन थांबवायची व्हय?"

मला तिच्या ह्या दोन्ही गोष्टींचा सारखाच अभिमान आहे. पण कौतुक करणाऱ्यांना एक सांगायचंय. हे काम तिच्या वाट्याला यायलाच नको होतं. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही मिळावेत, असं ठरलेलं आहे. आई हेच दरवर्षी अर्ज करून मागायची, एकाच कागदावर डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. पोचपावत्यांची फाईल माझ्याकडे आहे. पोचपावतीपलीकडे एकाही अर्जाचं उत्तर नाही. एका बाईच्या चांगुलपणावर किती वर्षं निभवायचं? हे मी रागानंच लिहितेय.

गेल्या आठवड्यात तिच्या मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज भरला. खिडकीतला माणूस म्हणाला, "लिहून देऊ काय?" मी नको म्हटलं. हेसरु, वयस्सु, विळास. विळासपाशी हात थांबला. मागं रांग होती, म्हणून पुढं लिहिलं.

येत्या रविवारी सकाळी दहा ते एक मी आईच्या जागी सोप्यात बसणार आहे. पेन्शन, रेशन, उतारा, काहीही असू दे. आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन या. पॅड आणू नका.