हयात राहा, पण विहित नमुन्यात

अमेरिकेत लेकाकडे कायमचे राहायला निघालेल्या पेन्शनरला सल्ल्यांचा तोटा नसतो. थर्मल घ्या, गुडघ्याचा पट्टा घ्या, इन्शुरन्स आधी बघा, गोडा मसाला दोन पिशव्यांत गुंडाळा. नोव्हेंबर महिन्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून चार शब्द.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. आपण जिवंत आहोत ही तुमची वैयक्तिक समजूत आहे. श्वास चालतो, सकाळी चहा लागतो, सुनेने केलेल्या पास्त्यात फोडणी हवी होती असे वाटते, हे सगळे पुरावे घरगुती आहेत. सरकारदरबारी माणूस एका नोव्हेंबरपासून दुसऱ्या नोव्हेंबरपर्यंतच हयात असतो. १ ते ३० तारखेच्या आत हयातीचा दाखला पोचला तर वर्षभराची मुदतवाढ, नाही पोचला तर पेन्शन बंद. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ज्यांनी ऐंशी ओलांडली आहे त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. म्हणजे वय वाढले की जिवंत असल्याची खटपट महिनाभर आधी सुरू करण्याची मुभा मिळते. सरकार ज्येष्ठांची काळजी घेत नाही असे कोण म्हणतो?

गावी होतात तेव्हा हा सोहळा होता. कोषागाराकडून शाखेत यादी यायची, दोरीने बांधलेले पेन असायचे, आपले नाव शोधून पुढे सही ठोकायची. सही करता करता वरची-खालची नावे बघायची. देशमुखांपुढे सही नाही, म्हणजे आजारी की गेले? एकाच कागदावर स्नेहसंमेलनही व्हायचे आणि शोकसभाही. ते आता विसरा.

निघण्यापूर्वी खात्याचे काय करायचे ते ठरवा. परदेशी स्थायिक झाल्यावर साधे बचत खाते ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे खाते, करावे लागते. करायला गेलात की व्याजावर ३० टक्के टीडीएस सुरू होतो, आणि इतकी वर्षे एप्रिलमध्ये न चुकता भरलेला १५एच, म्हणजे ‘व्याजावर कर कापू नका’ सांगणारा फॉर्म आता तुम्हाला चालत नाही, कारण ती सवलत निवासी ज्येष्ठांसाठी आहे. ज्येष्ठ तुम्ही अजून आहात, निवासी नाही. एवढ्यावर वाद घालू नका, पुढे बरेच वाद आहेत.

दाखल्याचा सर्वांत आधुनिक मार्ग मोबाइलचा. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ हा आधारवर चालणारा डिजिटल दाखला सुरू झाला आणि २०२१च्या नोव्हेंबरात बोटांच्या ठशांऐवजी चेहरा दाखवून दाखला काढण्याची सोय आली. खरे सांगायचे तर सोय उत्तम आहे. आयुष्यभर लिहून, धुऊन, निवडून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या त्यांच्यासाठी तर वरदानच. म्हणूनच तुम्ही तिच्यात अडकलात तर कुणाला तुमची दया येणार नाही. ‘अहो, घरबसल्या होतं की!’ हे वाक्य ऐकून घ्यायची सवय करा.

घरबसल्या म्हणजे असे. न्यू जर्सीच्या एडिसनमधले अपार्टमेंट, रविवारची दुपार, नातू फोन धरून उभा. ‘आजोबा, चष्मा काढा.’ चष्मा काढला की पडद्यावर काय लिहिले आहे ते तुम्हाला दिसत नाही. ‘डोळे मिचकवा.’ तुम्ही मिचकवता, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते मिचकावणे यंत्राला पटण्याइतके ठसठशीत राहिलेले नसते. ‘खिडकीकडे तोंड करा. एवढं नाही. हसू नका.’ अकरा वर्षांपूर्वी आधार केंद्रावर काढलेल्या फोटोत तुम्ही जेवढे दचकलेले होतात तेवढेच आताही दिसायला हवे. दरम्यान फॉर्म विचारतो : पुनर्नोकरी केली आहे का? पुनर्विवाह केला आहे का? या दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी सौ. मागे उभ्या असतील तर ‘नाही’ खणखणीत आवाजात म्हणा, सुस्कारा सोडू नका.

शेवटी प्रमाण आयडी येतो. पेढे वाटू नका. आयडी आला म्हणजे दाखला निघाला, तो मान्य झाला असे नव्हे. मंजुरी देणारे प्राधिकरण एक आणि वितरण करणारे दुसरे, यादीत बोट घसरून शेजारचे निवडले गेले असेल तर तुमची हयात भलत्याच कार्यालयात जाऊन नाकारली जाते. आठवड्याने स्थिती तपासत राहा.

आणि हो, हे सगळे ओटीपीवर चालते. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, परदेशी नंबरवर आधारचा एसएमएस जात नाही. तेव्हा तुमचे ते जुने सिमकार्ड, जे लेकाने ‘आता काय करायचंय’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकले आहे, ते देव्हाऱ्यात ठेवा. नव्वद दिवस वापरले नाही तर कंपनी ते बंद करू शकते, मात्र प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर नियमाप्रमाणे तेवढ्यासाठी बंद करता येत नाही. तेहतीस वर्षांची सेवा, त्यावरचे पेन्शन, त्यावरचा महागाई भत्ता, ही सगळी इमारत वीस रुपयांवर उभी आहे.

मोबाइल जमला नाही तर वकिलात आहे. न्यूयॉर्कमध्ये पूर्व ६४व्या रस्त्यावर आपले वाणिज्य दूतावास आहे आणि हयातीच्या दाखल्याला तिथे पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते तिथे पोचायला. मेट्रोपार्कहून गाडी, पेन स्टेशनवरून पुढची गाडी, लेकाची एक दिवसाची रजा, नोव्हेंबरची थंडी. दाखल्यासाठी जाताना दाखल्याची गरजच संपू नये म्हणून दोन स्वेटर घाला. नोव्हेंबरात शिबिरेही भरतात, तिथे अवश्य जा. तुमच्यासारखेच कानटोपीतले पेन्शनर हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन बसलेले असतात, आणि पाच मिनिटांत कोण कोणत्या वेतन आयोगात निवृत्त झाला यावर गप्पा सुरू होतात. परदेशात इतका आनंद फार ठिकाणी मिळत नाही.

कोपऱ्यावरच्या नोटरीचा मार्ग तुम्हाला सर्वांत सोपा वाटेल, म्हणून तो शेवटी सांगतो. केंद्राच्या नियमात लिहिले आहे की परदेशस्थ पेन्शनरच्या हयातीच्या दाखल्यावर मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँक अधिकारी किंवा भारताचा राजनैतिक प्रतिनिधी यांपैकी कुणाचीही सही चालते, आणि तो दाखला तुमचा अधिकृत प्रतिनिधी नेऊन देऊ शकतो. नियम वाचून डोळे पाणावतील, इतका माणुसकीचा आहे. तो घेऊन नोटरीकडे जा. अमेरिकन नोटरी हसतमुख असतो. तो तुमची ओळख पटवतो, तुमच्याकडून सही करून घेतो आणि सांगतो की ही सही तुम्ही माझ्यासमोर केलीत एवढेच मी लिहून देईन. सही करणारा जिवंत आहे की नाही हे प्रमाणित करणे त्याच्या अधिकारात बसत नाही. त्याच्याशी भांडू नका. त्याने नेमके तेच केले आहे जे तुम्ही आयुष्यभर टेबलामागे बसून करत होता.

तो कागद कुरिअरने पुतण्याकडे जातो आणि पुतण्या शाखेत. तिथे टेबलापलीकडची बाई म्हणते, ‘हा शिक्का आम्हाला कसा कळणार? अपोस्टिल आणा.’ अपोस्टिल म्हणजे नोटरीचा शिक्का खरा आहे असे सांगणारा तिकडच्या सरकारचा शिक्का. तिची चूक नाही. नियमात काय आहे ते तिला कुणी सांगितलेले नाही, आणि पेन्शन चुकून मृताला गेले तर वसुली तिच्या नावावर निघेल हे मात्र नक्की सांगितलेले आहे. तुम्ही तिच्या जागी असता तर अपोस्टिलबरोबर जावक क्रमांकही मागितला असता.

न्यू जर्सीत अपोस्टिल राज्याचे ट्रेझरी खाते देते, राजधानी ट्रेंटनमधून. म्हणजे एका ट्रेझरीतून सुटलात ते दुसऱ्या ट्रेझरीच्या दारात. शिवाय परदेशातल्या तुमच्या सर्व खात्यांत मिळून वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली, तर ग्रीनकार्डधारक म्हणून तिसऱ्या, म्हणजे खुद्द अमेरिकेच्या ट्रेझरीला कळवावे लागते. गावाकडच्या बँकेतली तुमची मुदत ठेव वॉशिंग्टनला ठाऊक असायला हवी. शाखेत ती कुणाला सापडत नाही, तो भाग वेगळा.

शाखेशी थेट बोलावे असे मनात येईल. बोला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळे मागे गेली की भारत साडेदहा तास पुढे असतो. शाखा सकाळी दहाला उघडते तेव्हा तुमचे रात्रीचे साडेअकरा. पहिला अर्धा तास फोन कुणी उचलत नाही, नंतर जो उचलतो तो पेन्शनच्या टेबलाचा नसतो. पेन्शनचे टेबल जागेवर येईपर्यंत दीड वाजतो, आणि ते तुम्हाला विचारते, ‘काका, तुम्ही स्वतः एकदा येऊन जाल का?’ हसू नका. टेबलापलीकडच्या बाईला तुम्ही सातारा रोडवर आहात असे वाटते आहे. फोनवर दबक्या आवाजात बोला, शेजारच्या खोलीत नातवंडे झोपलेली असतात. ‘हो, मी जिवंत आहे, जिवंत,’ असे मध्यरात्री भिंतीपलीकडून ऐकणे मुलांना बरे नाही.

या टप्प्यावर लेक म्हणेल, ‘बाबा, कशाला एवढी दगदग? किती होतात ते?’ आणि मनातल्या मनात डॉलरच्या भावाने भागून मोकळा होईल. प्रेमानेच म्हणेल. त्याला उत्तर देऊ नका, कारण उत्तर देता येत नाही. बहिणीची भाऊबीज, गावच्या देवळाची वर्गणी, नातवाच्या वाढदिवसाचे पाकीट, सौ.ला परस्पर पाठवलेली पैठणी, हे सगळे त्याच्या पैशांतून सहज होईल आणि नेमके म्हणूनच ते त्याच्या पैशांतून व्हायला नको असते. सुनेकडे वीस डॉलर मागताना माणूस घसा खाकरतो. ज्याच्या खात्यात दर महिन्याला स्वतःचे पेन्शन जमा होते तो खाकरत नाही. शाखेतल्या लोकांनाही वाटते, मुलगा डॉलरमध्ये कमावतो, यांना कसली घाई. सर्वोच्च न्यायालयाला तसे वाटले नव्हते. यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना १७ डिसेंबर १९८२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डी. एस. नकारा यांच्या खटल्यात सांगितले की पेन्शन हे मालकाच्या मर्जीवरचे बक्षीस नव्हे, तो हक्क आहे. म्हणून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन. दाखला न पोचल्याने पेन्शन थांबलेल्यांनी तो जरूर साजरा करावा, नाहीतरी त्या सुमारास मोकळेच असतात.

पुतण्याला सांभाळा. परदेशस्थ पेन्शनरची खरी मदार ना दूतावासावर ना ॲपवर, ती पुतण्यावर. तो अर्धा दिवस दुकान बंद ठेवून तुमच्यासाठी रांगेत उभा राहतो आणि ‘काका जिवंत आहेत’ हे अनोळखी माणसांना पटवून देतो. त्याच्याशी जमिनीच्या वाटणीचा विषय निदान नोव्हेंबरात काढू नका.

राहता राहिले सौ.चे नाव. माहेरची कुसुम, लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून शालिनी केलीत, किती हौसेने! शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर शालिनी, पासपोर्टवर तुमचे नाव मधोमध आणि आडनाव शेवटी, तर पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, कारकुनाने ऐकले तसे. आज चालून जाते, कारण आज पेन्शन तुमचे आहे. पुढेमागे तुम्ही खरेच गेलात, की इतकी वर्षे तुम्ही जिवंत आहात यावर विश्वास न ठेवणारे टेबल तुम्ही गेलात यावरही चटकन विश्वास ठेवणार नाही. न्यू जर्सीचा मृत्यूचा दाखला, पुन्हा ट्रेंटन, पुन्हा अपोस्टिल. तुमच्या मागे एखादा महिना पेन्शन जमा झालेच तर त्याची वसुली मात्र कुठलाही दाखला न मागता होईल. मग कुटुंब निवृत्तिवेतनाची नवी फाइल उघडेल. त्यात सौ.ने क्रमाने सिद्ध करायचे की शालिनी म्हणजेच कुसुम, कुसुम म्हणजेच तुमची पत्नी, ती हयात आहे, आणि वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी न्यू जर्सीत तिने दुसरे लग्न केलेले नाही.

तेव्हा एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, पीपीओवरचे स्पेलिंग तुम्ही असतानाच दुरुस्त करून घ्या, आणि संयुक्त खात्याचा पासवर्ड तिला सांगा. तुम्ही तो डायरीत मागच्या पानावर लिहिला आहे हे तिला माहीत आहे. डायरी कुठे आहे, ते तुम्हालाच आठवत नाही.