मेकॅनिकल का घेतलंत, हे आठवायची पद्धत

इंजिनीअरिंगची अ‍ॅडमिशन झाली की आधी ऑप्शन फॉर्मची प्रिंट फाडा. त्यातले पहिले तीस पसंतिक्रम कॉम्प्युटर आणि आयटीचे आहेत, मिळालेलं मेकॅनिकल एकतिसावं. असा कागद घरात असताना कुणाला लहानपणापासूनची ओढ आठवेल? सीईटीही विसरा. 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे, 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे शेवटच्या आठ प्रश्नांना डोळे मिटून क्लिक केलं आणि त्यातले दोन-तीन लागले. हे का उदात्त कारण झालं?

आता आठवण निवडा. वय सहा ते नऊ. त्याआधीचं कुणाला पटत नाही, त्यानंतरचं कौतुकाचं राहत नाही. इलेक्ट्रॉनिक्सला उघडलेला रेडिओ, सिव्हिलला धरणाची सहल, मेकॅनिकलला आजोबांची सायकल, चेन उतरलेली. केमिकलवाल्यांची पंचाईत आहे. त्यांनी नासलेल्या दुधावर भागवावं.

सनावळी मात्र तपासा. सातव्या वर्षी, म्हणजे 2013 साली, जिओच्या फुकट डेटावर जेट इंजिनाचे व्हिडिओ पाहिले म्हणालात की मुलाखतीत फसलात. जिओ सुरू झालं सप्टेंबर 2016 मध्ये. सायकलीला सन लागत नाही, म्हणून सायकलच बरी.

खरा धोका आईचा. "चेन कसली बसवतोस, सायकल ताईच्या पायावर पाडलीस," असं ती चारचौघांत म्हणेल. उपाय एकच: दिवाळीच्या फराळाला पाहुण्यांसमोर गोष्ट सांगत राहायची. तीन दिवाळ्या पुरतात. चौथ्या वर्षी आईच सांगते, वर ग्रीसने माखलेला शर्ट स्वतःच्या पदरचा घालते.

हे जमेल का, अशी शंका नको. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी 2005 साली लोकांना दोन-दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून आवडता निवडायला सांगितला, मग हातचलाखीने कधीकधी नाकारलेलाच फोटो हातात दिला. बहुतेकांना पत्ताही लागला नाही. 'हाच का आवडला' याची कारणं ते बिनदिक्कत सांगत बसले. सरावाशिवाय! तुम्हाला तर चार वर्षं मिळतात.

पुढे कॅम्पसमध्ये नोकरी सॉफ्टवेअरची लागेल. घाबरू नका, सायकल भंगारात काढू नका. चेन नेमकी कुठे अडकते हे शोधणं म्हणजेच डिबगिंग, प्रोग्रॅममधली चूक हुडकणं, आणि ते तुम्ही सातव्या वर्षीच करत होता. हे वाक्य आरशासमोर दहादा म्हणा; पहिल्या तीन वेळा हसू येतं, मग येत नाही.

फॉर्म भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याची गल्ली तेवढी टाळा. तिसाव्या पसंतिक्रमानंतर "आता काय टाकू?" असं त्यानेच विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, "टाका हो काहीही, शेवटची एसटी जाईल."